बहात्तर तासांचं कुलूप

ऋतुजा सुतारनं जे तिकीटघर उभं केलं होतं, त्याच्याबद्दल ती एकच गोष्ट अभिमानानं सांगायची. ते तिला स्वतःलाही फोडता येणार नव्हतं. बँकेचा मॅनेजर तिजोरीबद्दल असं बोलला तर आपण मान डोलावतो. ऋतुजा बोलायची तेव्हा मात्र समोरचा माणूस जरा सावरून बसायचा, कारण तिच्या तिजोरीत माणसांचे आवाज होते.

तिकीटघर म्हणजे कोल्हापूरच्या वाचाकेंद्राच्या तळमजल्यावर, बारा महिने थंडगार ठेवलेल्या खोलीतली दोन कपाटं. एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून दोन. तिथं खिडकी नव्हती की रांग नव्हती. तरी चार जिल्ह्यांतली अकराशे चाळीस माणसं रोज सकाळी तिथून तिकीट घेत आणि मगच तोंड उघडत. तोंड उघडत ही आपली बोलण्याची पद्धत. त्यांतल्या बहुतेकांना तोंड उघडताच येत नव्हतं.

वाचायंत्र आता इतकं रुळलं आहे की ते कसं चालतं हे कुणी विचारतही नाही. आपण बोलतो तेव्हा जीभ, ओठ, घसा यांना मेंदूकडून हुकूम जातात. ज्यांचे स्नायू निकामी झाले त्यांच्याही मेंदूतून हे हुकूम निघतातच, फक्त वाटेत विरून जातात. कवटीखाली नखाएवढी पातळ चकती बसवली की ती हुकूम टिपते आणि उशाशी ठेवलेल्या डबीला कळवते. डबी त्यांचे शब्द करते, आणि माणूस धडधाकट असताना ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्याच आवाजात ते म्हणून दाखवते.

आता एखादी डबी एखाद्याच्या आवाजात बोलायला लागली, तर ते बोलणं त्याचंच कशावरून? सुरुवातीच्या दिवसांत एका तालुक्याच्या गावी पुतण्यानं अंथरुणाला खिळलेल्या काकूच्या डबीला आपलं यंत्र जोडलं आणि दुय्यम निबंधकासमोर तिच्या गोड आवाजात जमीन स्वतःला देववली. काकू शेजारीच पडून होती. आतून ती नको नको म्हणत असणार, पण तिचा आवाज त्या वेळी पुतण्याच्या ताब्यात होता. त्यानंतर कायदा झाला. तिकीट असलेला शब्द तेवढा माणसाचा. बाकीचा नुसता आवाज, त्याला अर्थ नाही. आणि तिकीटघर बांधायचं काम ऋतुजाकडे आलं.

तिनं वापरलेली पद्धत मुळात जुनीच. संगणकांच्या जाळ्यात एका यंत्रानं दुसऱ्याला ओळखावं म्हणून ती फार पूर्वी निघाली. चकतीच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडकिल्ली तिकीटघरात. किल्ली कुणाला पाठवायचीच नाही, कारण वाटेत चोरीला गेली तर सगळंच संपलं. त्याऐवजी डबीवरची त्या घटकेची वेळ घ्यायची, किल्लीनं ती एका पाकिटात बंद करायची आणि पाकीट पाठवायचं. तिकीटघर जोडकिल्लीनं ते उघडतं. आत नीट वेळ निघाली, आणि ती तिकीटघराच्या घड्याळाशी पाच मिनिटांच्या आत जुळली, तर पलीकडे तोच माणूस आहे. मग त्याला दहा तासांचं तिकीट. पाच मिनिटांची अट अशासाठी, की कुणी कालचं पाकीट पकडून ठेवून आज पुढे करू नये. वेळ मागची निघाली तर पाकीट शिळं. वेळ पुढची निघाली तर त्याहून वाईट, कारण ते कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेलं. असं लागोपाठ पाच वेळा झालं की त्या माणसाच्या नावाला कुलूप लागतं, आणि ते बहात्तर तास उघडत नाही.

बहात्तर तास हे ऋतुजाचंच डोकं. तीन दिवसांत गावात बातमी फुटते, नातेवाइकांच्या मनात काळंबेरं असलं तर ते बाहेर येतं, असं ती बैठकीत म्हणाली होती. तिचे वरिष्ठ इनामदार सर यांनी विचारलं होतं, की अडीनडीला एखादा अपवाद ठेवायचा का. ती म्हणाली, "सर, अपवाद ठेवला की सगळे चोर आजारीच पडतील." सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. कुलपाचं घड्याळ एका सीलबंद चिपमध्ये गेलं. ते उघडायला गेलं तर चिप स्वतःला पुसून टाकते.

हे सगळं तिनं ज्यांच्याकडे बघून केलं ते तिचे वडील, हिंदुराव सुतार. मुलं त्यांना अण्णा म्हणत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तेहतीस वर्षं ते पॅटर्नमेकर होते. ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो लाकडी नमुना ते घडवायचे, आणि केसाएवढा फरक बोटानं ओळखायचे. तीच बोटं आधी गेली. मग हात, पाय, मान, जीभ. स्नायू एकेक करून निकामी करत नेणारा तो आजार, बुद्धीला मात्र हात लावत नाही. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांची हालचालही थांबली, तेव्हा अण्णांकडे जगाशी बोलायला डबीशिवाय काही उरलं नाही.

तिकीट आपोआप मिळत नाही, माणसाला ते मनातून मागावं लागतं. प्रत्येकानं आपली एक खूण ठरवायची, एखादी हालचाल मनातल्या मनात करायची, म्हणजे झोपेत किंवा कुणाच्या बटण दाबण्यानं मागणी जात नाही. कुणी मनात टाळी वाजवतं, कुणी चपाती लाटतं. अण्णा मनात तीनदा रंधा मारायचे. रोज सकाळी सातच्या आत डबीवरचा दिवा तांबड्याचा हिरवा व्हायचा आणि पहिलं वाक्य यायचं, "छाया, चहा टाकलीस का?" चहा त्यांना कुठला पिता येणार. पण आई टाकायची, आणि त्यांच्याशेजारी बसून प्यायची.

श्वासाचे स्नायू शेवटी जाणार हे वर्षापूर्वीच कळलं होतं. तेव्हा घशातून नळी घालून यंत्रावर श्वास चालू ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांनी अण्णांनाच विचारलं. नळी घातली तर आणखी पाच वर्षं, दहा वर्षंसुद्धा. पूर्वी अशा रोग्यांना जीभ चालते आहे तोवर काय ते लिहून ठेवावं लागे. अण्णा म्हणाले, "बघू की. वेळ आली की सांगतो. आता बोलायला येतंय नव्हं?" ऋतुजाला याचं फार बरं वाटलं होतं. ठरवण्याची घाई करायची नाही, ही सवड आपण बापाला मिळवून दिली, असं तिनं एका परिषदेत बोलूनही दाखवलं होतं.

मंगळवारी सकाळी पावणेआठला तिच्या भावाचा, संग्रामचा, फोन आला.

"ऋतू, अण्णांना दवाखान्यात आणलंय. पहाटेपास्नं दम लागलाय. आणि डबी बोलंना बघ. दिवा तांबडाच हाय."

ऋतुजानं कदमवाडीच्या आपल्या फ्लॅटमध्येच लॅपटॉप उघडला. तिकीटघराची नोंदवही तिला कुठूनही वाचता येई. वाचण्यापलीकडे काही करता येत नसे. वडिलांच्या नावासमोर पाच ओळी होत्या. सहा पन्नास, सहा बावन्न, चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. मागणी, नाकारली. मागणी, नाकारली. कारण: वेळ पुढची. आणि सहाव्या ओळीत तिनंच लिहिलेलं वाक्य होतं, ओळख संशयास्पद, नावाला कुलूप. नकारानंतर चकती दोन मिनिटं थांबते आणि मगच पुन्हा मागू देते. म्हणजे मिळालेली एकही संधी अण्णांनी वाया घालवली नव्हती. त्या वेळी ते अॅम्ब्युलन्समध्ये होते.

दवाखान्यात पोचल्यावर तिनं सगळ्यात आधी डबी हातात घेतली. तिच्यावरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. बारा म्हटल्यावर तिला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

उचगावच्या त्यांच्या घरात सगळी घड्याळं बारा मिनिटं पुढे असत. कंपनीची बस चुकू नये म्हणून अण्णांनी लग्नाच्या वर्षी ती पुढे केली, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी मागे आणली नाहीत. आईचं मनगटी घड्याळ, स्वयंपाकघरातलं, देवघराशेजारचं, सगळी एका चालीनं पुढे. बारा कसे वजा करायचे हे ऋतुजा बालवाडीत जायच्या आधी शिकली होती.

"मीच सांगितलं ग त्याला," आई म्हणाली. ती कॉटच्या पायथ्याशी पदर घट्ट आवळून उभी होती. "काल सांजच्याला डबीची बॅटरी बदलली. सगळी घड्याळं एक म्हणत्यात आणि ही डबी एक. गोळी कवाची द्यायची माझा घोळ व्हायला लागला. मग म्हटलं, संग्राम, हिचंबी घरासारखं करून टाक."

"तिनं विचारलं, वेळ बरोबर हाय का," संग्राम डबीकडे बोट दाखवत म्हणाला. "मी भिंतीवर बघितलं आणि लावली. ऋतू, बारा मिनिटांनी काय हुतंय?"

गावाकडे नेटवर्क धड नसतं, तेव्हा घरच्यांना हातानं वेळ लावता यावी, ही सोय ऋतुजानंच मंजूर केली होती. पाच मिनिटांची अट लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर पुतणे होते, हॅकर होते. स्वतःचं घर एकदाही आलं नव्हतं. तिनं डबीचं घड्याळ बारा मिनिटं मागे घेतलं. दिवा तांबडाच राहिला, कारण आता प्रश्न घड्याळाचा नव्हता.

दहा वाजता डॉ. मोमीन आल्या. अतिदक्षता विभाग त्यांच्याकडे होता. बोलणं सरळ, आवाज बेताचा.

"रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढतोय. मास्कवर संध्याकाळपर्यंत निभेल, फार तर सहापर्यंत. मग नळी घालायची, किंवा नाही घालायची आणि त्यांना त्रास होणार नाही एवढं बघायचं. याचा शब्द मला त्यांच्याकडून हवा."

"कुलूप शुक्रवारी सकाळी उघडेल," ऋतुजा म्हणाली. "सहा अठ्ठावन्नला."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ऋतुजा कोण ते माहीत होतं. "मग नियम काय सांगतो ते तुम्हीच सांगा."

नियम साधा होता. रोग्याचा शब्द मिळत नसेल तर जीव वाचवायचा.

ऋतुजानं व्हरांड्यात जाऊन इनामदार सरांना फोन लावला. तिला काय उत्तर मिळणार हे ठाऊक होतं, तरी लावला. दुसरा काही उपाय, नवी किल्ली, नवं नाव, काहीही.

"नव्या किल्लीला चकती बदलावी लागेल. आजच्या अवस्थेत कोण कवटी उघडेल त्यांची?" सर म्हणाले. "आणि कुलपाचं म्हणशील तर ती चिप कुणाच्या बापाचं..." म्हणता म्हणता ते थांबले. मग म्हणाले, "मी दिल्लीला विचारतो." ते विचारणार होते आणि दिल्लीहून नाही येणार होतं, हे दोघांनाही कळत होतं.

ती परत येऊन अण्णांच्या उशाशी बसली. मास्कखाली त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यावर काही उमटायचं केव्हाच बंद झालं होतं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नोंदवही उघडली.

ओळी येतच होत्या. अकरा दोन, सुतार हिंदुराव, मागणी, नाकारली, कारण: कुलूप. अकरा चार, मागणी, नाकारली. अकरा सहा. ती वर वर सरकत गेली. सकाळी सातपासून एकही फेरी चुकलेली नव्हती. तिच्या शेजारी हा माणूस निपचित पडला होता आणि आत दर दोन मिनिटांनी तीनदा रंधा मारत होता.

ऋतुजाला रडू फुटलं. आईनं काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "काही नाही, अण्णा जागे आहेत."

मग तिच्या डोक्यात ते आलं. शब्द अडले होते, पण मागणी अडत नव्हती. मागणी नाकारली जात होती, आणि नाकारलेलीची नोंद होत होती. मागायचं की नाही मागायचं, हे अजून अण्णांच्या हातात होतं. आणि मागणं एक, न मागणं दोन, एवढ्यावर हो आणि नाही होऊ शकतं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "अण्णा, मी ऋतू. तुमचं तिकीट अडलंय, पण तुम्ही मागताय ते मला दिसतंय. आता मागायचं थांबवा. मी विचारेन तेव्हाच, उत्तर हो असेल तरच मागा. कळलं असेल तर एकदा मागा."

अकरा अठ्ठावीसला ओळ आली. अकरा तीसला आली नाही. बत्तीसलाही नाही.

ती सगळं सावकाश म्हणाली. संध्याकाळपर्यंतच मास्क पुरणार आहे हे सांगितलं, नळी घातली तर काय आणि नाही घातली तर काय तेही सांगितलं. काही लपवलं नाही. मग विचारलं, "नळी घालू दे का?"

अकरा चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. नोंदवही कोरी होती. आई तोंडाला पदर लावून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती, तिला त्यातलं काही वाचता येत नसताना.

"अण्णा, नळी नको का?"

अकरा सत्तेचाळीस, मागणी, नाकारली.

तिनं पुन्हा उलटसुलट विचारलं. पाच वेळा विचारलं, प्रश्न बदलून, क्रम बदलून. मध्येच, "माझं नाव ऋतुजा आहे का," असंही विचारलं. एकदाही चूक नाही. पॅटर्नमेकरचं काम होतं ते, केसाएवढा फरक नाही. शेवटी ती म्हणाली, "कळलं, अण्णा. मी नाही घालू देणार. माझा शब्द." त्यावर तिनं प्रश्न विचारला नव्हता, तरी एक ओळ आली.

तिच्या आयुष्यात तिनं दिलेल्या शब्दांपैकी हा एकच असा होता, की जो देताना तो पाळायला आपल्या हातात काय आहे याचा तिनं विचार केला नाही.

दुपारी डॉ. मोमीन यांच्या खोलीत सगळे बसले. ऋतुजानं नोंदवही दाखवली, वेळा दाखवल्या, प्रश्न सांगितले. डॉक्टरांनी सगळं शांतपणे वाचलं. मग त्यांनी असे निर्णय तपासणाऱ्या दवाखान्याच्या समितीकडून आलेला कागद तिच्यापुढे सरकवला. समितीनं तिकीटघराकडे विचारणा केली होती आणि तिकीटघरानं आपोआप उत्तर दिलं होतं. सदर कालावधीत आलेल्या मागण्या कोणी केल्या याची ओळख पटलेली नाही. खाली मुख्य रचनाकार म्हणून ऋतुजाची सही छापलेली होती.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझ्या विश्वासावर मी एखाद्याचा श्वास थांबू देऊ शकत नाही. उद्या दुसरी कुणी मुलगी असाच लॅपटॉप घेऊन येईल. तिला वडील नको झालेले असतील."

"मी ती नाही."

"नाही. पण हे तुमच्या यंत्राला कसं कळणार?"

ऋतुजा संग्रामकडे वळली. "दादा, तू तरी बोल. तू घरचा आहेस. पहिल्यापासून बघतोयस."

संग्राम खिडकीकडे तोंड करून उभा होता. थोरला, अंगानं दांडगा, स्वतःचं वर्कशॉप चालवणारा माणूस. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय बोलू? तू पाटावर बसून सांगायचीस, तिकिटाशिवाय आलेला शब्द कुणाचाच नसतो. आईला पाठ झालंय ते. आता तूच म्हणतीस, ह्यो शब्द अण्णांचा." त्यानं आपला पंजा पुढे केला. "मी घड्याळ लावलं, ऋतू. माझ्या हातानं लावलं. आता मीच म्हणू, सोडा त्यांना? आणि मग शुक्रवारी तुझं कुलूप उघडल्यावर मी कुणाला इचारू, अण्णा, माझं चुकलं का म्हणून?"

ती त्याच्यावर चिडू शकली असती तर बरं झालं असतं. पण तो खोटं काहीच बोलला नव्हता. भीती वाटत होती त्याला, आणि ती तिलाही वाटत होती. आतून कुठंतरी तिलाही अण्णा हवे होते, नळीसकट, यंत्रासकट, कसेही. हे कळून तिला स्वतःची लाज वाटली.

संमतीच्या कागदावर सही आईची लागणार होती. आईनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"त्यांनी खरंच नको म्हटलं?"

"हो, आई."

"त्यांनीच म्हटलं कशावरनं ग?"

आयुष्याची अकरा वर्षं तिनं याच एका प्रश्नावर काढली होती. माणूस तोच कशावरून? त्याचं पक्कं उत्तर तिनं कपाटात बंद करून ठेवलं होतं, आणि आज ते उत्तर तिच्या विरुद्ध होतं. "मला माहीत आहे," एवढंच ती म्हणाली. आईनं पेन उचललं. मग सही केली, आणि कागदावर टपटप पाणी पडलं ते पदरानं टिपलं.

सहाला दहा कमी असताना नळीची तयारी सुरू झाली. ऋतुजा अण्णांच्या कानाशी वाकली होती, पण तिला काय सांगायचं ते सुचेना. माझं कुणी ऐकलं नाही, हे बापाला सांगायचं? शेवटी ती म्हणाली, "अण्णा, शुक्रवारपर्यंत थांबा. शुक्रवारी तुम्ही स्वतः सांगा." मग तिला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर तिनं नोंदवही उघडली. उघडायला नको होती. पाच बावन्न, मागणी, नाकारली. पाच चोपन्न, मागणी. छप्पन्न, मागणी. तिनं काहीच विचारलं नव्हतं. सहा दोन. सहा चार. सहा सहा. दर दोन मिनिटांनी ते मागत होते, आणि दर दोन मिनिटांनी तिचं तिकीटघर अगदी अचूक, अगदी नियमानुसार नाही म्हणत होतं. सहा चौदानंतर ओळी थांबल्या. झोपेचं औषध लागू झालं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत त्यांना गुंगीत ठेवलं. नंतर औषध बंद केलं. नळी नीट बसली होती, रक्त सुधारलं होतं, चेहऱ्यावर टवटवी होती. बघायला येणारे पाहुणे म्हणत, बरे दिसतात की. नोंदवहीत मात्र काही नव्हतं. गुंगी उतरायला वेळ लागतो, असं ऋतुजानं स्वतःला समजावलं. गुरुवारी तिनं कानाशी विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय ना?" वाट पाहिली. काही आलं नाही. कुलूप आहेच, कशाला उगाच मागतील, असंही तिनं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला तिघंही कॉटभोवती होती. संग्राम अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आईनं थर्मासमधून चहा आणला होता. सहा अठ्ठावन्नला नोंदवहीत एक ओळ उमटली. सुतार हिंदुराव, कुलूप निघाले.

"अण्णा," ऋतुजा म्हणाली, "आता मागा. आता मिळेल."

सात वाजले. सात दोन. सात चार. दिवा तांबडाच होता.

"अण्णा, मी संग्राम हाय. बोला की," संग्राम म्हणाला. "शिव्या द्या मला पायजे तर."

सव्वासातला डॉ. मोमीन यांनी मेंदूच्या लहरी पाहिल्या. अण्णा पूर्ण जागे होते. आई बोलली की लहर उठत होती, संग्राम बोलला की उठत होती. ऋतुजा बोलली तेव्हाही उठली, इतरांपेक्षा मोठी. डॉक्टर एवढं सांगून हळूच निघून गेल्या.

"काहीतरी बिघडलंय," संग्राम म्हणाला. "नळी घालताना चकतीला धक्का लागला असंल. ऋतू, बघ की जरा. तुझंच यंत्र हाय नव्हं? दुरुस्त कर."

तिनं बघितलं. सगळं बघितलं, एकदा सोडून दोनदा. डबीचं घड्याळ तिकीटघराच्या घड्याळाशी सेकंदाला जुळत होतं. चकती जिवंत होती, किल्ली शाबूत होती, जोडकिल्ली जागेवर होती. दोन्ही कपाटं चालू होती. त्या सकाळी इतर अकराशे एकोणचाळीस माणसांपैकी बहुतेकांनी तिकीट घेऊन बोलायला सुरुवातही केली होती. कुठंही काहीही बिघडलेलं नव्हतं.

आईनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि अण्णांच्या शेजारी बसून हातात तसाच धरून ठेवला.

"सगळं नीट चालू आहे, दादा," ऋतुजा म्हणाली.

"मग मागत का न्हाईत?"

"त्यांचं सांगून झालंय," ती म्हणाली.